मुलग्यांच्या खोपीचे दार

मी इसिलेली हावेआ, वय त्र्याहत्तर, राहणार हाअपाई, टोंगा. शाळा पाचवीपर्यंत, पण डोके ठिकाणावर आहे. काल नर्स विकाने वार, महिना आणि नातवंडांची नावे विचारून खात्री करून घेतली. हे आपखुशीने लिहीत आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द. तिसरे सापडल्यास तेही रद्द; मला आठवत नाही.

१. जमीन कायद्यानेच थोरला मुलगा सेमिसी याची होते. घर, होडी आणि डुकरेही त्यालाच. काळी डुकरीण गाभण आहे, तिला माझ्या मयताच्या जेवणाला कापू नये.

२. नारळ सोलायचा सुळा मासेमार फेलेतीला द्यावा. तो मुळात त्याचाच. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने चर्चच्या दारात सगळ्यांसमोर मागितला, म्हणून मी दिला नाही. आता घे बाबा.

३. आवारातली खोप. आमच्यात मिसरूड फुटले की मुलगा बहिणींच्या छपराखालून उठून खोपीत झोपायला जातो. मीही गेलो. भावा-बहिणीने शरीराच्या गोष्टी एकत्र बसून ऐकायच्या नाहीत, आणि चुलत-मावस धरले तर सारे गावच भावंडे.

आठ वर्षांपूर्वी सरकारने वयात आलेल्या मुलामुलींना हे सगळे नीट शिकवायला पैसे मंजूर केले. गरोदरपण, रोग, नको म्हणायचे कसे, सगळे. विका सभेत आली. मी शाळा समितीचा प्रमुख. मी म्हणालो, "बहिणीच्या मांडीला मांडी लावून पोरांनी हे ऐकायचं? डुकरांनासुद्धा लाज असते गं!" लोक हसले. ती म्हणाली, "मग काका, दोन खोल्या द्या. मी दोनदा बोलेन, माझं तोंड दुखत नाही." मी म्हणालो, "देव देईल." त्या वेळी ही खोप रिकामी होती. मी तिला कुलूप घालून आत कंद भरले. पैसे परत गेले.

गेल्या वर्षी सेमिसीची मुलगी सिआले, वय सोळा, पोटुशी राहिली. मी ओरडलो, "एवढंही कळलं नाही तुला?" ती म्हणाली, "आजोबा, एकदाने काही होत नाही, असं तो म्हणाला. दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं ना." सांगणारीला मीच परत पाठवले होते, हे मी तिला अजून बोललेलो नाही. येथे लिहितो.

आता पैसे पुन्हा मंजूर झाले आहेत. पण पाच वर्षे दोन खोल्या मिळतील अशी लेखी हमी हवी, नाहीतर ते दुसऱ्या बेटाला जातील. मी पाच वर्षे टिकणार नाही. सेमिसी म्हणतो, "बाबा, तुम्ही गेलात की मी परत कंद भरणार." म्हणून खोप आजपासून पाच वर्षे या वर्गाला दिली आहे. मुली शाळेत, मुलगे खोपीत.

४. सेमिसी माझे ऐकणार नाही. आत्याचे ऐकेल; आमच्यात आत्यापुढे बापाचेही चालत नाही. पण माझी बहीण लोसालिने हिच्याशी मी हा विषय जन्मात बोललेलो नाही आणि बोलू शकत नाही. म्हणून हा कागद विकाने तिच्या घरी नेऊन वाचावा. मी तोवर समुद्राकडे जाऊन बसतो.

५. माझ्या थडग्यावर सावलीसाठी आठ पत्रे आणून ठेवले आहेत. ते कुणी उसने मागितल्यास देऊ नयेत.

पुरवणी, त्याच दिवशी. विका परत आली. बहिणीने खोपीसाठी नवी चटई दिली आहे आणि निरोप दिला आहे: "सेमिसीला मी बघते. आणि त्या म्हाताऱ्याला म्हणावं, खोपीचा पूर्वेचा कोपरा गळतो. मी आत कधी पाऊल टाकलं नाही, पण तो तिथे झोपायचा तेव्हा त्याची ओली पांघरुणं मीच वाळवत होते. पोरं भिजतील."

कलम ५ रद्द. पत्रे खोपीवर घालावेत. मला ऊन चालेल.

सही: इसिलेली हावेआ
साक्षीदार: फेलेती माफी, मासेमार (सुळा मिळाला); विका तोनगा, नर्स
हाअपाई, ११ जून २०१९