नटलेली विहीर

आई, तुला हसू येईल असं काहीतरी घडलंय, आणि ते सांगायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस मला सुचत नाही. तू होतीस तेव्हा मला नुकती नोकरी लागली होती. मी नेमकं काय काम करते हे शेजारणींनी विचारलं की तू सांगायचीस, पोरगी मातीचे वास घेत फिरते. मला तेव्हा राग यायचा, पण इतकी वर्षं झाली तरी मी तेच करते आहे.

राहात्याच्या पुढे रस्ता रुंद करताना गाड्यांना डिझेल भरायचा एक बंद पडलेला पंप पाडला आणि जमिनीखालची लोखंडी टाकी क्रेनने वर काढली. टाकीच्या बुडाची गंजून चाळण झाली होती. खड्ड्यातली माती काळीकुट्ट, मूठभर हातात घेतली तर दिवसभर हाताचा वास जाईना. पंपाच्या उताराला एक वस्ती आहे. तिथे एक मावशी राहतात. विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली, आणि अख्खं घर त्याच विहिरीचं पाणी पितं. घरात मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि नुकती रांगायला लागलेली नात. डिझेल मुरत मुरत त्या विहिरीपर्यंत गेलंय का, एवढंच मला शोधायचं होतं. पहिल्या दिवशी पाण्यावर रंगीत तवंग मी डोळ्यांनी पाहिला. सोमवारी नमुने घ्यायला येते, तोवर हे पाणी कुणी पिऊ नका, असं बजावून परत आले.

सोमवारी जाऊन बघते तर काय, विहीर नटून बसलेली. तवंग जुन्या लुगड्याने टिपून काढलाय, मोटर लावून तळ दिसेपर्यंत पाणी उपसलंय, नव्याने झिरपलेल्या पाण्यात ओंजळभर ब्लीचिंग पावडर टाकलीय. कठड्याला चुना फासलाय, त्यावर हळदकुंकवाची बोटं, आणि मी उभी राहणार त्या जागेभोवती रांगोळी. गंमत म्हणजे नमुने घ्यायच्या दिवशी आम्हाला अत्तर, पावडर, क्रीम काही लावता येत नाही, त्याचाही अंश पाण्यात उतरतो. म्हणजे मी भुंड्या तोंडाने आलेली आणि विहीर दाखवायच्या मुलीसारखी सजलेली. असं उपसलेलं, ब्लीचिंग टाकलेलं पाणी तपासून काहीच कळत नाही, म्हणून पूर्वी असं कुणी केलं की मी चिडायचे. यावेळी मला हसूच आवरेना.

मावशींना माझं हसणं लागलं. "तपासनीला बाई येनार म्हनल्यावर हीर तशीच घान ठिवायची व्हय?" त्या म्हणाल्या. "नापास करून बंद केली म्हंजे आमी कुटं जायाचं?"

तेव्हा मला तू दिसलीस. चार पावलं चाललं तरी तुला धाप लागत होती, म्हणून मी रजा काढून तुला श्रीरामपूरला डॉक्टरांकडे नेलं, तो दिवस. तू पहाटे उठून न्हालीस, घट्ट वेणी घातलीस, हिरवं इरकल नेसलीस आणि तोंडाला पावडर लावलीस. दवाखान्याच्या जिन्याखाली चप्पल शोधायचं निमित्त करून दम जाईपर्यंत थांबलीस आणि मग ऐटीत वर गेलीस. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, तर म्हणालीस, काही नाही, पोरीच्या समाधानासाठी आले. वर त्यांच्याच मुलाबाळांची चौकशी केलीस. परतताना एसटीत मी भांडले, तर तू मलाच समजावलंस, "आजारी मानसागत डॉक्टरापुढं कसं जायचं? बरं दिसतं का?" त्या वर्षीच्या दिवाळीला तू नव्हतीस. मला अजूनही तुझा राग येतो, आई. आणि त्या पावडरीचा वास कुठेही आला तरी डोळे भरून येतात.

हे सगळं मी मावशींना कठड्यावर बसून सांगितलं. त्या उठल्या. मग पदराने रांगोळी पुसून टाकली आणि म्हणाल्या, "बरं. आता हाय तशीच दावते."

आणि खरंच दाखवली. घरात जारचं पाणी सुरू झालं, विहिरीत बादली सोडायची कुणाची हिंमत नव्हती. मी नमुने घ्यायला पुन्हा गेले तेव्हा मावशी मला हाताला धरून कठड्याशी घेऊन गेल्या. पाण्यावर परत रंग पसरले होते. बघा, आलाय तुमचा तवंग, असं त्यांनी इतक्या कौतुकाने सांगितलं की मी पुन्हा हसले, आणि यावेळी त्याही हसल्या.

पाण्यात डिझेल निघालं. हे सांगायला गेले तेव्हा सून नातीला उराशी धरून उभी राहिली. पण वेळेत कळलं. खड्ड्याची माती खणून नेली, विहिरीतलं पाणी उपसून शुद्ध करायचं काम चालू झालं, आणि पंपाच्या वरच्या अंगाला घेतलेल्या बोअरचं पाणी दर तपासणीत स्वच्छ निघालं. काल त्याच पाण्याचा चहा प्यायले. नातीने माझ्या पाण्याच्या पेल्यात अख्खा हात बुडवला. विहिरीला वेळ लागेल, पण मावशी रोज सकाळी तिच्यात डोकावतात आणि मला फोनवर तिची खुशाली कळवतात.

हे पत्र तसं टाकायचं कुठे? नमुन्यांच्या बाटल्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांसोबत पिशवीतच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. हल्ली जिना चढताना मलाही धाप लागते. उद्या डॉक्टरांकडे जायचंय. जिन्याखाली थांबणार नाही, विचारतील ते सगळं खरं सांगणार आहे. पण आई, तुझं हिरवं इरकल मी मघाशीच इस्त्री करून ठेवलंय, आणि शेजारी पावडरीचा डबा.