कुरुंदवाडची मिरची

कळंबा, कोल्हापूर
४ मार्च

चि. शिवांजली,

आक्काचा आशीर्वाद. इकडं सगळं ठीक आहे, तूही तिकडं ठीक असशील, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ठीक आहे की नाही ते पुढं बघू.

व्हिडिओ कॉल असताना पत्र कशाला, म्हणशील. तुझ्या कॉलला आपल्या घरात हल्ली कीर्तनाएवढी गर्दी असते. तुझे आप्पा मधोमध, आई त्यांच्या खांद्यावरून, शेजारची चिमणाबाई खिडकीतून, आणि मी कोपऱ्यात अर्धी दिसणारी. "जेवलीस?" "जेवले." सगळे हसतात, फोन बंद. एवढ्या गर्दीत कुणी खरं बोलत नाही. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. टाइप करायला माझी बोटं जाड पडतात. वाचून झालं की पुसून टाक.

आता मुद्दा. परवाच्या कॉलमध्ये तुझ्या मागं शेगडीवर बिडाचा तवा होता. बाकीच्यांनी खिडकीबाहेरचा बर्फ बघितला, मी तवा बघितला. पोरी, एका सेमिस्टरसाठी गेलेली मुलगी चमचे घेते, फार तर एखादं पातेलं घेते. बिडाचा तवा घेत नाही. तो विमानात परत आणता येत नाही आणि टाकवत तर त्याहून नाही. जिला मुक्काम ठोकायचा आहे तीच असला तवा घेते. मी कुणाला काही बोलले नाही. फक्त लक्षात ठेवलंय.

दुसरी गोष्ट तुझ्या बापाची. शिवप्रसाद माझा सख्खा धाकटा भाऊ. कोथिंबिरीची एक पेंडी घ्यायला तीन गाड्या फिरणारा माणूस. तू बीबीएच्या शेवटच्या वर्षाला परदेशी सेमिस्टर करणार म्हणालीस आणि तो एका दुपारीत हो म्हणाला. वर मलाच सांगतो, "आक्का, पोलंड म्हंजे काय परकं न्हाय. युद्धात ती माणसं आपल्या वळिवड्यात येऊन राहिलती. जुनी वळख हाय." वळिवड्याच्या ओळखीवर पोरीला विमानात बसवणारा हा माणूस शेजारच्या घरात वाटी द्यायची तर झाकणसुद्धा मोजून देतो. त्याच्या डोक्यात काहीतरी आहे. काय ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरं, तुझा प्रोजेक्ट. तुझ्या सरांनी गावाकडचा एक छोटा धंदा अभ्यासाला घ्यायला सांगितलाय आणि तू माझा मिरची कुटायचा डंक घेतलास, हे वाचून बरं वाटलं. लगेच संशयही आला, की सोपा पडतो म्हणून घेतलास. असो. "ग्राहकाचा विश्वास तुम्ही कसा मिळवता?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घे: मिळवत नाही. आमचा धंदा अविश्वासावर चालतो. बाई वर्षाची मिरची भाजून, खोबरं-तीळ-धणे-लसूण घेऊन येते आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसते. डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर, शिंकून शिंकून बेजार, पण जागची हलत नाही. का, तर माझी ब्याडगी मिरची काढून ही डंकवाली रुद्राणी दुसरीच्या लवंगीत मिसळेल. इतक्या वर्षांत एकाही बाईनं माझ्या भरवशावर मिरची ठेवून पाठ फिरवलेली नाही. पुडीतल्या चटणीसमोर असं बसता येत नाही, म्हणून त्या माझ्याकडं येतात. हे तुझ्या सरांना पटतंय का बघ.

थंडीत कान झाक.

तुझी आक्का


कळंबा
२९ मार्च

चि. शिवांजली,

तुझं उत्तर पोचलं. तवा जुन्या बाजारात स्वस्त मिळाला म्हणतेस. स्वस्त मिळाला म्हणून हत्ती घेतेस काय?

इकडं हंगाम जोरात आहे. डंकाच्या आवाजानं माझा उजवा कान संध्याकाळपर्यंत सुट्टीवर जातो. पण तुला एका बाईची गोष्ट सांगायचीय.

परवा दुपारी रिक्षातून एक बाई उतरली. इरकल नेसलेली, अंगानं भरलेली, कपाळाला ठसठशीत विभूती, हातात पिशवी. पिशवीत मिरची किलोभर. म्हणाली कुरुंदवाडची. आता कुरुंदवाडला काय डंक नाहीत? तिथनं दोन एसट्या बदलून, जेलच्या अलीकडच्या माझ्या गाळ्यात किलोभर मिरची कुटायला कोण येतं? मी मिरची घेतली, स्टूल दिलं. आणि तिथंच चोर सापडला. बाई मशीनकडं बघेनाच. तिची मिरची उखळात, मुसळं धाडधाड पडतायत, आणि हिची नजर रस्त्यापलीकडं, तुमच्या घराच्या दारावर. जी बाई स्वतःच्या चटणीकडं बघत नाही ती चटणी करायला आलेलीच नसते.

मग हळूच म्हणाली, "समोर त्ये शिवप्रसादांचं घर न्हवं का?"

"व्हय."

"त्यास्नी एक लेक हाय म्हणं."

"हाय की."

"परदेशात शिकाय गेलीया म्हणं. कशी हाय ओ पोरगी? वळणाची?"

म्हणजे चौकशी! कुणाच्या तरी पोरासाठी तुझी चौकशी! आणि बाई पहिल्यांदा नेमकी डंकावर आली, कारण गल्लीतल्या सगळ्या बायकांची तोंडं इथं सुटतात. फक्त एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. डंकवाली मुलीची सख्खी आत्या निघेल हे तिच्या स्वप्नातही नसणार. मीही सांगितलं नाही.

मी काय बोलले? जे बोलायचं ते बोलले. चटणी बांधून दिली, ती गल्लीत आणखी दोन-चार दारं फिरून गेली. चिमणाबाईनंही तुझं भरभरून कौतुक केलं असणार. ती सगळ्याच मुलींचं करते, अगदी पळून गेलेल्यांचंही.

आता वळिवड्याची जुनी ओळख कशाला लागली होती, याचा मला थोडा थोडा अंदाज यायला लागलाय. तूर्त एवढंच.

आक्का


कळंबा
२ मे

चि. शिवांजली,

बसव जयंती झाली. मिरवणुकीत तुझ्या बापानं नवा पांढरा सदरा घातला होता आणि तीन वेळा मोबाईल कानाला लावून बाजूला जाऊन बोलला. मी गेले की विषय गोकुळच्या दूधदरावर.

घराला रंग द्यायला काढलाय. उन्हाळ्यात, दिवाळी नाही, काही नाही. सोफा नवा, त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. काल मी वहिनीला विचारलं, "कोण येणार हाय गं?"

"कोण न्हाय वन्सं. जुना झालता."

"सोफा व्हय?"

"सोफाच की."

तुझी आई खोटं बोलली की बांगड्या फिरवते. सोफ्याविषयी बोलताना तिनं दोन्ही हातातल्या फिरवल्या. मग मी थेट शिवाला धरलं. म्हटलं, मला सांग, नाहीतर मी चिमणाबाईला विचारते, तिला ठाऊक असणार. तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

हे तुला सांगायचं नाही, अशी मला तुझ्या आजीची शपथ घातलीय. आजी माझीही आई होती, ती शपथ कशी मोडायची हे मला जास्त कळतं. ऐक. कुरुंदवाडचं घर आहे. खतं-औषधांचं दुकान, शिरोळ भागात नाव. मुलगा वीरभद्र, त्या मिरचीवाल्या बाईचा. जानेवारीतच बोलणं झालं होतं. त्यांना परदेश बघितलेली, इंग्रजी बोलणारी सून पाहिजे होती, म्हणून तुझ्या सेमिस्टरला एका दुपारीत होकार मिळाला. तू जूनमध्ये आलीस की पंधरा दिवसांत साखरपुडा. तुला विमानतळावरून घरी येताना गाडीत सांगायचं ठरलंय, म्हणजे उतरून कुठं जाता येणार नाही. हे शेवटचं शिवा बोलला नाही, मी ओळखलं.

मुलगा वाईट आहे असं मी ऐकलेलं नाही. वाईट असता तर हे पत्र सोपं झालं असतं.

तुला विचारलंच नाही, एवढंच मला खुपतंय. आणि तो तवा. तुला तिथं राहायचं असेल तर मला लिही. नसेल राहायचं तर तेही लिही. कॉलवर काही बोलू नकोस, आप्पा मधोमध बसतात.

आक्का


कळंबा
१९ मे

शिवांजली,

तुझं उत्तर एका ओळीचं. "आक्का, तू त्या बाईला काय सांगितलंस?" तिथल्या सरांनी तुला बाकी काही शिकवलं असो-नसो, बरोबर ठिकाणी बोट ठेवायला शिकवलंय.

दोन पत्रं मी तुला चुकवत होते. आता सांगते.

मी तुझी बदनामी केली. व्यवस्थित, मुद्देसूद. म्हटलं, "पोरगी तोंडाळ हाय बाई. बाप एक बोलला की ही दोन विचारती. च्या करती त्यो पिववत न्हाय. आणि खरं सांगू? ती परत यायची न्हाय. तिकडं बिडाचा तवा घेतलाय तिनं." स्थळ मोडेल, तुला कळायच्या आत मोडेल, आणि तू निवांत शिकशील, असा माझा हिशेब. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. नंतर मला माझाच संशय आला. तू कुरुंदवाडला जावंस असं मला वाटत नव्हतं, पोलंडला राहावंस असंही नव्हतं. तू इथं, माझ्या समोरच्या घरात, रोज भांडायला असावीस असं वाटत होतं. कुणाचं भलं चाललंय याची चौकशी माझीच करायला पाहिजे होती.

चार दिवसांपूर्वी ती बाई परत आली. या वेळी टेंपो. टेंपोत मिरचीचं पोतं, खोबऱ्याची गोणी, धणे, तीळ. लग्नघराची चटणी. बाईनं स्टूल ओढलं, मशीनसमोर बसली आणि या वेळी नजर मिरचीवरच.

मी मशीन सुरूच केलं नाही. म्हटलं, "बाई, मी त्या पोरीची सख्खी आत्या."

"ठाऊक हाय की," बाई म्हणाली. "पयल्याच दिशी ठाऊक झालतं. तुमचं नाक आणि शिवप्रसादांचं नाक एकाच साच्यातलं."

"मग?"

"मग काय? गल्लीत सगळी वाहवा करत हुती. तुमी एकट्याच खरं बोलला. आमचा वीरभद्र लई गरीब ओ. गिऱ्हाईक काय बी म्हणू दे, ह्याच्या तोंडातनं न्हाय निघत न्हाय. घरात न्हाय म्हणणारं एक माणूस तर पायजे. बापाला दोन प्रश्न विचारणारी पोरगी मला कुठं मिळायची? आणि तवा घेतला म्हणाला तुमी. म्हंजे सोताच्या हातचं खाती, बाहेरचं न्हाय."

घे! मी तुझं स्थळ मोडायला गेले आणि पक्कं करून बसले. इतकी वर्षं माणसं ओळखते म्हणून मिरवले, आणि कुरुंदवाडच्या एका बाईनं मला उखळात घातलं.

मग मी शेवटचं बोलले. "बाई, त्या पोरीला अजून कुणी विचारलेलंच न्हाय."

बाई स्टुलावरच माझ्याकडं वळली. म्हणाली, "न्हाय? शिवप्रसाद तर म्हणालं, पोरगी राजी हाय."

"ती पोलंडात हाय आणि तिला कुरुंदवाड कुठं हाय हे बी कुणी सांगितलं न्हाय. मीच सांगितलं, या महिन्यात."

तिनं पोत्यातली एक मिरची उचलली, देठ मोडलं आणि परत टाकली. मी विचारलं, "आणि तिनं तुमालाच न्हाय म्हटलं तर?"

"तर काय," बाई उठली. "तर म्हणायचं, हीच पायजे हुती, आपल्या नशिबात न्हवती."

पदर खोचला, टेंपोवाल्याला हाक मारली आणि निघाली. मी म्हटलं, "बाई, मिरची!"

"असू दे हितंच. पोरगी व्हय म्हणाली तर कुटा. न्हाय म्हणाली तर पोत्यानं परत धाडा. मृगाच्या आत, दमट झाली की वाया जाईल." आणि मागं न बघता बसली टेंपोत.

शिवांजली, तुझ्या प्रोजेक्टमध्ये मी सांगितलेलं एक वाक्य खोडून टाक. एका बाईनं माझ्या भरवशावर मिरची ठेवून पाठ फिरवली. तीही लग्नघराची, तीही माझ्यासारखीच्या.

तुझ्या बापाला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यानं सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढलं आणि तिथंच आडवा झाला. ओरडायचं असतं तर त्यानं कॉल लावला असता. लावला नाही. तुझं उत्तर येऊ दे म्हणाला. एवढं तो आजवर कधी कुणाला म्हणालेला नाही.

आता माझ्या धंद्याची अडचण झालीय. पोतं गाळ्याच्या मधोमध आहे, बायका त्याला वळसा घालून बसतात, कुणाचं म्हणून विचारतात, मी सांगत नाही. रात्री दोन कुलपं लावते. व्हय लिही, न्हाय लिही, नाहीतर "अजून नको" असं लिही. तिन्ही चालतात. माझं मत विचारू नकोस, माझ्या मतानं काय होतं ते बघितलंस. तवा आणायचा असेल तर आण, ठेवायचा असेल तर ठेव, तो तुझा आहे. फक्त ढग भरायच्या आत लिही, आणि स्वतःच्या अक्षरात लिही.

पोतं राखत बसलेली,
तुझी आक्का