आठ महिने आधीची सत्तरी

ताइनान, १० मार्च २०२५

चि. चुन-शुङ यास,
ताईचे आशीर्वाद, तूर्त हात आखडता घेऊन.

काल, रविवार ९ मार्च, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी तू भर हॉटेलात माझ्यापुढे सत्तरीचे गुलाबी पीच-पाव मांडलेस. माझी सत्तरी नोव्हेंबरात. त्या पावांनी दीर्घायुष्य चिंतायची एवढी घाई? तुझी बायको शेवयांच्या वाडग्यात टिपं गाळत होती. जन्मात मला पाणी न विचारणारा तू, डुकराच्या पायाचा मऊ तुकडा भरवायला आलास. किळस आली.

फेब्रुवारीत माझ्या आतड्यातली गाठ काढली, ती साधी होती असं म्हणालास. नन्सच्या शाळेत खरं बोलायला शिकले, तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं रे मी. खरं लिही.

तुझी, अजून जिवंत असलेली,
ताई

काओशुङ, १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. रागावू नकोस. गाठ कर्करोगाची होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आपल्याकडे घरच्यांनाच सांगतात. गाठीतली जनुकंही तपासली, पेशी साखर-चरबी कशी जाळतात ते ठरवणारी. त्यावरून तू जास्त धोक्याच्या गटात आहेस. सहा महिने औषध देऊ म्हणाले. मीच नको म्हटलं. उगाच ओकाऱ्या कशाला? हसत-खात राहावीस. नोव्हेंबरची खात्री वाटेना, म्हणून वाढदिवस उरकला. बायको म्हणते, कळलं तर ताई आधी आपल्यालाच मारतील.

माया पातळ करू नये.
चुन-शुङ

ताइनान, १७ मार्च

चि. चुन-शुङ यास,
आशीर्वाद उत्तरानंतर.

धोका जास्त म्हणून कळलं, आणि तू औषध थांबवून पाव मागवलेस! तो गट म्हणजे पुष्कळ जणांचा मिळून काढलेला अंदाज आहे, माझ्या मरणाची तारीख नव्हे. नापासांच्या वर्गातून वर निघालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. गाठ माझी, जनुकं माझी, आणि नाही म्हणणारा तू. गाठीपेक्षा याची शिसारी येते. ओकायचं की नाही, ते मी ठरवीन.

डॉक्टरांना फोन केला. औषध महिनाअखेरपर्यंत सुरू व्हायला हवं, पण घरच्यांचा नकार आहे, भावाची चिठ्ठी आणा, म्हणाले. एकोणसत्तराव्या वर्षी, शाळेच्या सहलीसारखी!

पुढचे पीच-पाव नोव्हेंबरात, मी मागवीन. त्याआधी शुक्रवार, २१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत, नकार मागे घेतल्याचं तुझ्या सहीचं पत्र माझ्या हातात हवं. फोन करू नकोस. लिहून दे.

ताई