कारण : आजच्यापुरतं

१२ जून, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही तिघंही ठीक. आईचा गुडघा, तुझं डोकं (अर्धशिशी म्हणतोय मी, लगेच चिडू नकोस) आणि तुझी शाळेतली पोरं कशी आहेत ते कळव. छोटी आता घरभर रांगते आणि चार्जरची वायर दिसली की ती खाल्ल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ही म्हणते, बापावर गेली आहे.

हातात फोन असताना पत्र कसलं लिहितो, असं तुला वाटेल. दर रविवारी फोनवर मी आईच्या गुडघ्याच्या पुढे जात नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. म्हणून कागद घेतला. अक्षर अजून कुत्र्याचे पाय मांजराला आहे, सांभाळून घे.

आधी ऑफिसची बातमी. तू बांधलेली पाइपलाइन अजून धावते आहे. आम्ही केलेला प्रत्येक बदल अजूनही तुझ्या त्या सतराशे साठ चाचण्यांमधून रखडत जातो आणि सगळ्या पास झाल्या तरच दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पोहोचतो. फरक एवढाच, की गेल्या महिन्यापासून त्या पाइपलाइनला आम्ही एक एआय मदतनीस जोडला आहे. जोडणीचं काम माझ्याकडे होतं. चाचण्यांमध्ये काही अडकलं की तो सगळ्या नोंदी वाचतो, कोणत्या बदलामुळे अडकलं ते सांगतो आणि दुरुस्ती सुचवतो. पूर्वी स्क्रीन लाल झाली की आपण सगळे एकमेकांकडे संशयाने बघायचो, आठवतं? आता तो नम्रपणे नाव सांगतो आणि ज्याचं नाव येतं तो पाणी प्यायला उठतो. प्रश्न फार विचारतो, म्हणून आम्ही त्याला 'चौकशे' म्हणतो.

तुझी शिकवण विसरलो नाही. नव्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी घराच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत. चौकशे वाचू शकतो, सुचवू शकतो. मंजुरी मात्र माणसानेच द्यायची. त्याच्या सूचनांमध्ये मी आणखी एक नियम लिहिला: कोणतीही चाचणी बंद दिसली तर कारण विचारायचं, आणि माहीतगार माणसाने कारण लिहिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. बाईंनी तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मॅनेजर असून कौतुक करतात, म्हणजे बघ.

तो नियम माझ्याच गळ्यात येईल हे मला तेव्हा सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, आणि मी तसा लिहिला असेल. खरं सांगतो ताई, मलाच कळत नाही.

परवा सकाळी चौकशेने सगळ्या टीमला दिसेल अशी नोंद टाकली. 'चाचणी: २९ फेब्रुवारीच्या अपॉइंटमेंट. दोन वर्षं आठ महिने बंद आहे.' बंद करणाऱ्याच्या जागी तुझं खातं. पुढे लिहिलेलं, 'कारण: आजच्यापुरतं. ही बंद का आहे, कोणाला माहीत आहे का?'

सव्वादोन वर्षांपूर्वी त्या तारखेवरून एवढा गहजब झाला, सॉफ्टवेअर घाईघाईने दुरुस्त केलं, पण चाचणी पुन्हा सुरू करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं होतं. ती फाइल उघडायला मला धीर झाला नाही.

आमच्यात एक नवी टेस्टर आली आहे, हुशार आहे. नोंद वाचून ती हसली आणि म्हणाली, "ह्या बाई कोण होत्या? इतक्या बेफिकीर? पेशंटच्या जिवाशी खेळ आणि कारण काय, तर आजच्यापुरतं!" आणखी दोघं हसले. ती तुला ओळखत नाही, तिचा दोष नाही. पण ताई, मला ते ऐकवलं नाही. तिथून उठून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

आता सांगतो. तो ऑक्टोबरचा दिवस. माझं मशीन अपडेट घेत बसलं होतं आणि तू दवाखान्याच्या लोकांबरोबर मीटिंगला चालली होतीस. जाताना म्हणालीस, "माझ्या जागेवर बस, पण आधी लॉगआउट कर आणि स्वतःच्या नावाने काम कर." मी हो म्हणालो. केलं नाही. दुपारचे चार वाजले होते, पाचला हिच्या आईवडिलांना पहिल्यांदा भेटायचं होतं, आणि ती एक चाचणी काही केल्या पास होईना. २९ फेब्रुवारीला अजून चार महिने होते. मी ती बंद केली, कारणाच्या रकान्यात एक शब्द टाकला आणि निघालो. तुझ्याच खात्यातून गेल्यामुळे तुझी वेगळी मंजुरी लागलीच नाही. सोमवारी सुरू करू म्हटलं. सोमवारी माझं लग्न ठरल्याचे पेढे वाटत होतो, कसली चाचणी नि कसलं काय.

पुढचं तुला माहीत आहे. त्या तारखेच्या डायलिसिसच्या वेळा यादीतून गायब झाल्या. त्या म्हाताऱ्या शिंप्याचं डायलिसिस चुकलं, ते आठ दिवस दवाखान्यात पडून होते. तू रोज त्यांना भेटायला जात होतीस. मी एकदाही गेलो नाही.

चौकशीच्या मीटिंगमध्ये बाईंनी तो शब्द मोठ्याने वाचला. लहानपणापासून तो कोणाच्या तोंडी आहे, हे त्या खोलीत तू एकटीच जाणत होतीस. आजच्यापुरतं माझं अंथरूण घाल, आजच्यापुरता माझा निबंध लिही. तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलाकडे बघितलं. मग तू म्हणालीस, "माझ्या खात्यातून गेलंय, म्हणजे जबाबदारी माझी," आणि आठवड्याभरात राजीनामा दिलास. तुझी खुर्ची रिकामी झाली आणि पुढच्या वर्षी पाइपलाइन माझ्याकडे आली. मी ती घेतली, ताई. नको म्हणालो नाही.

परवा जिन्यातून परत आलो आणि चौकशेच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं: 'ही चाचणी मी बंद केली. माझ्या ताईच्या मशीनवरून, तिच्या खात्यातून, तिला न सांगता. तेव्हा खरं बोललो नाही. तिने माझी चूक स्वतःवर घेतली.' नऊ जणांनी वाचलं. त्या नव्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. चौकशेने लिहिलं, 'धन्यवाद. कारण नोंदवलं आहे. चाचणी पुन्हा सुरू करायचा बदल तयार आहे, मंजुरी द्याल का?' त्याला राग नाही की लोभ नाही. मला तर कोणीतरी माझ्यावर ओरडायला हवं होतं.

बाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, "लेखी दे. वर पाठवावं लागेल." नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. मी हे सगळं आधी करून मग तुला लिहितो आहे, कारण आधी लिहिलं असतं तर तू पुन्हा मला वाचवलं असतंस.

हिला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, ते बरोबरच आहे. तूही माफ कर असं मी म्हणणार नाही. पण माझ्यावर चिड, ताई. तुझं गोड बोलणं मला आता सोसत नाही.

तुझा अपराधी
ठोंब्या

२१ जून, रविवार

ठोंब्या,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा रडले, तिसऱ्यांदा शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, अकरा निघाल्या.

मला माहीत होतं. पण मी गप्प बसले तो माझा मोठेपणा वगैरे नव्हता. मला वाटलं, सगळ्यांसमोर नाही तर नाही, बाहेर आल्यावर तरी तू मला सांगशील. मीटिंग संपल्यावर मी जिन्यात पंधरा मिनिटं थांबले होते. तू लिफ्टने गेलास. नोकरी गेल्याचा नाही, त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मागितलास म्हणून देते, घे.

बाईंना सांग, त्यांनी बोलावलं तरी मी परत येणार नाही. शाळेत माझा जीव रमलाय. तुझ्या नोकरीचं काही बरंवाईट झालंच तर घाबरू नकोस, मी आहे.

एकच राहिलंय. परवा आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "मोठीच्या हातून चूक झाली नि नोकरी सोडावी लागली. धाकटा मात्र पहिल्यापासून जपून वागणारा." मी चहा ओतत होते, ओतत राहिले. असं ती दोन वर्षं म्हणते आहे.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही. ते तू इथे येऊन, तिच्याजवळ बसून, स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. दोघींना घेऊन ये. मी तुझ्या शेजारी बसेन. पण मी तोंड उघडणार नाही, बोलायचं तू.

पुढच्या रविवारी वाट बघते आहे.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
ताई