आप्पांचं ताट

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

घाटनांदूर,
९ मार्च १९८७

ती. वीरभद्रअण्णास,
धाकट्या शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र उभ्यानं वाचू नकोस, आधी खाली बस. माझं लग्न ठरलं. धर्मापुरीचं स्थळ हाय, पोरगा तिथल्या शाळेत मास्तर. तारीख बारा मे. टँकर चौथ्या दिवशी येतो, म्हणून आप्पांनी पन्नासच पानं ठरवलीत. त्या पन्नासात अण्णा कुठं हाय, असं मी विचारलं तर उठून गोठ्यात गेले. गोठ्यात तरी काय हाय? म्हशी सगळ्या चारा छावणीत.

चार वर्षांमागं तू हॉटेलात मटण-मासळी शिजवायला लागलास आन् तुझ्या हातचं पाणीबी नको म्हणाले, ते म्हणालेच. पण सांगून ठेवते, तू आला न्हाईस तर मी बोहल्यावर चढायची न्हाई. आई असती तर तिनंच तुमचे दोघांचे कान उपटले असते.

आता दुसरी बातमी. दुधाची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीनं जिल्ह्यातल्या दूध सोसायट्यांचे तीस चेअरमन मुंबईला बोलावलेत, त्यांत आपले आप्पाबी. वीस तारखेला दुपारचं जेवण मोठ्या हॉटेलात. कार्डावरचं नाव मी दोनदा वाचलं. अरे, तुझंच हॉटेल! आप्पांना काय ठाऊक, तुझी पाकिटं मी पिठाच्या डब्याखाली दडवते. एरवी मुंबई म्हणलं की सेक्रेटरीला धाडतात. या खेपेला स्वतःच निघालेत, कावून ते वैजनाथालाच माहीत.

तू समोर येऊ नकोस, चारचौघांत तमाशा होईल. पण त्यांना उपाशी उठू देऊ नकोस. तिथलं काय खपणार त्यांना?

माया आहे तशीच ठेव.
तुझी शिवकांता


मुंबई,
२१ मार्च १९८७

चि. शिवकांतास अनेक आशीर्वाद, नवरीबाई झालीस म्हणून एक जादा.

काल आप्पा आलते. आमच्या उस्तादांना, म्हंजे मुख्य आचाऱ्यांना, मी आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी मला एक कोपरा दिला, म्हणाले की आज तू दुसरं काही करू नकोस. मी नवा तवा काढला, गळ्यातल्या लिंगाची पूजा करूनच कामाला लागलो. जवारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी. आपला बद्रीनाथ म्हणून वेटर आहे, त्याच्या हाती पाठवलं. बाकीच्यांना सात-आठ प्रकार होते.

स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच आहे, तिथून बघत होतो. आप्पा लई वाळलेत गं. झुंबराखाली खुर्चीच्या टोकावर बसले होते, जणू मागं टेकलं तर कुणी रागावेल. मांडीवर पसरायचा रुमाल घडी करून बाजूला ठेवला. इथं गिलास जरा रिकामा झाला की पोरं लगेच भरतात. आप्पांनी दोनदा गिलासावर हात आडवा धरला. शेजारचे चेअरमन काट्यानं पनीर धरायला बघत होते आन् ते हरणासारखं पळत होतं, ते बघून मला हसूबी आलं.

मग आप्पांनी जेवण संपवलं, गिलासातलं पाणी ताटात ओतलं, बोटांनी ताट धुतलं आन् दोन्ही हातांनी उचलून पिऊन टाकलं. घरी करतात तस्सं. कंपनीचा सूटवाला साहेब बोलता बोलता थांबला. आप्पांनी टोपी नीट केली, बस्स.

ताट आत आलं तर भांडीवाला म्हणाला की हे धुतलेलं कावून आणलं. मी बटाट्याच्या पोत्यावर बसून रडलो.

पण शिवा, आज जीवाला चैन न्हाई. त्यांना ठाऊक नसताना मी माझ्या हातचं खाऊ घातलं. फसवलंच की. तूच त्यांना खरं सांग, मला धीर होत न्हाई. त्यांनी लग्नाला येऊ दिलं न्हाई तर तू हट्ट करू नकोस, अक्षता पडू देत.

तुला सुखाचा संसार मिळो, हेच मागणं.
तुझा अण्णा


घाटनांदूर,
२९ मार्च १९८७

ती. अण्णास शि. सा. न.

अरे येड्या! मुंबईचं पाणी पिऊन तुझी अक्कल विरघळली का? आप्पा ताट धुऊन पितात ते फक्त घरात. सोसायटीच्या सभेत न्हाई, पाहुण्यांत न्हाई. परवा माझी सुपारी फुटली तेव्हा धर्मापुरीला एवढा आग्रह झाला, तिथंबी हात धुऊन उठले. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाले की घरचं असंल तरच तसं करावं वाटतं. आता तूच समज त्यांना काय ठाऊक होतं आन् काय न्हाई.

तरी तू सांगितलंस म्हणून मी चुलीपाशी सगळं सांगून टाकलं. आप्पांनी ऐकून घेतलं. तसेच छावणीवर गेले. परत आले आन् माझ्याकडं अंतर्देशीय मागितलं. दोन घंटे लिहीत होते. मला वाचू दिलं न्हाई, स्वतःच डकवलं आन् टपालात टाकायला स्वतःच गेलेत. तुला ते मिळालं की काय लिहिलंय ते मला लगेच कळव, न्हाईतर मी जीव सोडते इथं.

तुझ्यावर रुसलेली आन् तरी तुझीच,
शिवकांता


घाटनांदूर,
२९ मार्च १९८७

चि. वीरभद्र यास वडील महारुद्र यांचे आशीर्वाद.

मी ठरवूनच आलो होतो. तुझ्या पाकिटावर हॉटेलाचे नाव छापलेले असते आणि पिठाचा डबा या घरात मीही उचलतो. शिवकांताला हे सांगू नये.

भाकरी आली तेव्हा वाढणाऱ्यास विचारले की करणाऱ्याच्या गळ्यात लिंग आहे काय. तो म्हणाला की आहे, आणि पूजा झाल्याशिवाय तो चहासुद्धा घेत नाही. मग मी जेवलो. मी विचारले हे तुला सांगायचे नाही, असे त्याला बजावले होते.

दाराच्या काचेतून तू दिसत होतास. हाक मारावी असे फार वाटले. पण तीस चेअरमनांपुढे मला रडू आले असते तर जिल्हाभर झाले असते. चार वर्षांमागे मी बोललो ते चुकले. बापाने असे लिहिणे जड जाते, पण लिहितो.

लग्नासाठी अंबाजोगाईचा आचारी सांगितला होता, त्याला नको म्हणून कळवले. स्वयंपाक तू करायचा. रजा काढून आठ दिवस आधी यावे. भाऊबंदांत काही जण नाक मुरडतील. मुरडू देत. पहिल्या पंगतीला पहिल्या पाटावर मी बसणार आहे. मग कोण उठतो ते बघतो.

वाटेकडे डोळे लावून,
तुझा आप्पा