पाहुणचारात अडकलेला पूल

वाशिम, १४ मे

१. एप्रिलअखेर केंद्राचे पथक आपल्या गावी आले.
२. नाल्यामुळे गावाचा संपर्क तुटतो, हे त्यांना दाखवायचे होते.
३. आपण त्यांना सजवलेल्या बैलगाडीतून नाला पार करवला.
४. अहवालात आले : पर्यायी वाहतूक उपलब्ध, ग्रामस्थ समाधानी.
५. गाव दुर्गम गावांच्या यादीतून गेले.

ती. उदयसिंग मामांस वर्षाराणीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर? (त्यांना विचारले की त्या "बरी हाये" म्हणतात, म्हणून तुम्हाला विचारते.) मी ठीक. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मला टेबल मिळाले आहे, पंखा मिळायचा आहे. तुम्ही गावचे सरपंच आणि मी इथे कनिष्ठ अभियंता, तरी हे पत्र घरचे समजावे.

पूल का अडला हे मी महिनाभर विचारते आहे. अलीकडचा काठ ग्रामपंचायतीचा, पलीकडचा रस्ता जिल्हा परिषदेचा, नाल्यातले पाणी राज्याचे आणि आपले मागासलेपण केंद्राचे. त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जिल्हा म्हणतो मुंबईने अडवले. मुंबई म्हणते (फोन उचललाच तर) जिल्ह्याने अर्धवट पाठवले. माझा दोघांवरही विश्वास नव्हता. शेवटी आमच्या विभागातल्या ललिताबाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "मॅडम, मुंबईले कायले फोन करून राह्यल्या? तुमच्या मामाले विचारा ना." निधी आहे, मंजुरी आहे, फक्त ग्रामसभेचा ठराव नाही. म्हणजे दिल्लीपासून वाशिमपर्यंतची सगळी सरकारे तुमच्यासाठी थांबली आहेत.

मी आरोप करत नाही, तर्क मांडते. पूल झाला की गाव दुर्गम राहत नाही आणि दुर्गम नसले की केंद्राकडून आरोग्य उपकेंद्र मिळत नाही. म्हणून पथक येऊन जाईपर्यंत तुम्ही ठराव दाबून धरला. तर्क चुकीचा असेल तर दुरुस्त करावा.

डाव वाईट नव्हता. अवकाळी पावसाने नाल्यात गुडघाभर पाणी होते, आणि तुम्ही घरोघर फिरून "जरा गरीब दिसा" असे बजावलेही होते. पण पाहुणा येणार म्हटल्यावर शेजारच्या प्रयागबाईंनी ठेवणीतले लुगडे काढले, हरीओमदादाने बैलांची शिंगे रंगवली आणि गाडीत गादी घातली. (गादीवर पांढरी चादर होती. लोडही.) मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारले, तर म्हणालात, "अवं पोरी, पाहुणा हाये तो. त्याले पान्यातून कायले चालवू?" पथकाच्या साहेबांनी गाडीत बसून फोटो काढून घेतले. मग रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाचा आग्रह. जेवताना त्यांनी सरळ विचारले, दवाखान्यात जायला त्रास होतो का? जेवणाऱ्या माणसापुढे रडगाणे कोण गाणार? प्रयागबाई म्हणाल्या, "देवाच्या दयेनं सगळं बरं हाये, साहेब. आनखी एक रोडगा घ्या." साहेबांनी रोडगा घेतला आणि उत्तर लिहून घेतले.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावावे.

आपली,
वर्षाराणी

ता. क. हरीओमदादाकडून कळले की तुम्ही पथकाला पुन्हा बोलावले आहे आणि तोवर ठराव देणार नाही. या खेपेस म्हणे साहेबांना चिखलातून चालवणार. मला शंका आहे. साहेबांनी पायातले बूट काढायला घेतले की तुम्हीच बैल जुंपाल.

ता. क. २. ज्योत्स्ना वहिनीला ऑगस्टमध्ये दिवस भरतात. तुमच्या सुनेला नाल्यापलीकडे कसे न्यायचे, हे कोणत्याच पथकाने विचारले नाही. घरातही कोणी विचारलेले दिसत नाही. काल फोनवर ती मला म्हणाली, "ताई, मले तेवढं बैलगाडीत नोका बसवू." नळ्या टाकून होणारा पूल आहे, महिन्याभराचे काम. पाऊस लागला की तेही होणार नाही. उपकेंद्र पुढच्या वर्षी मागू, मी स्वतः अर्ज करीन. ठराव देता की नाही, एवढेच सोमवार, २५ मेपर्यंत कळवावे.