इटलीला मीच जाणार

९ जानेवारी २००५
आजपासून इटली. एका ट्रॅव्हल कंपनीची सामान्यज्ञान स्पर्धा आहे. विषय इटलीचा इतिहास आणि संस्कृती, पहिलं बक्षीस रोम-व्हेनिसची टूर, दोघांसाठी. येरवड्याच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी ॲडमिनला. पोरांचे पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं सगळं मीच बघतो. अख्खी कंपनी परदेशी पोचवली, मला कोणी विचारलंसुद्धा नाही. विश्वासघात, दुसरं काय. आता कोणाची मेहरबानी नको. रोज पहाटे पाचला उठून अभ्यास.

१० जानेवारी
साडेसातला उठलो. थंडी फार आहे. यापुढे अभ्यास जेवताना. सत्यशीला पुस्तकातून प्रश्न विचारणार, मी उत्तरं देणार. बायकोलाही जरा विरंगुळा.

१५ जानेवारी
मोनालिसा पॅरिसमध्ये आहे म्हणे. चित्रकार इटलीचा आणि चित्र फ्रान्सला! म्हणजे तिकडेही आमच्या ऑफिससारखंच. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी मला शाळेपासून पाठ. फक्त लढला कोण आणि लिहिलं कोणी, यावर पुस्तकाचं आणि माझं जमत नाही.

२१ जानेवारी
पुस्तक म्हणतं, एकत्र झालेल्या इटलीचा पहिला राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा. पहिला राजा दुसरा कसा असेल? लाल पेनाने दुरुस्ती केली. सत्यशीला म्हणाली, तो आधी सार्डिनियाचा राजा होता, तिथला आकडा त्याने तसाच पुढे चालवला. तिला म्हटलं, तू फक्त प्रश्न विचार. प्रकाशकाला कडक पत्र लिहिणार आहे.

२३ जानेवारी
सत्यशीलाने पासपोर्टला अर्ज केला. म्हणाली, असलेला बरा, तुम्हीही करून टाका. मला काय घाई? पासपोर्ट ऑफिसातले एक साहेब माझ्या चांगल्या ओळखीचे, एका फोनचं काम. ऑफिसातल्या पोरांना मात्र मी रोज ओरडतो, वेळेवर अर्ज करा. त्यांची कुठे ओळख असते?

२० फेब्रुवारी, रात्री
कर्वेनगरच्या हॉलमध्ये स्पर्धा झाली. तिथे कळलं, सत्यशीलासुद्धा बसणार. टेलिफोन ऑफिसातली तिची मैत्रीण रशीदा, तिने परस्पर हिचं नाव दिलं होतं. राजाचा प्रश्न आलाच. मी ठामपणे 'पहिला' लिहिलं.
सत्यशीला पहिली आली. माझा नंबर त्यांनी जाहीर केला नाही.
अभ्यास माझा, पुस्तक माझं, आणि घरातल्याच माणसाने असं करावं? टाळ्या वाजवाव्या लागल्या. रिक्षात ती म्हणाली, बक्षीस दोघांचं आहे, आपण दोघं जाऊ की. मग राग निवळला. तयारी माझीच, तेव्हा खरं तर मीच जिंकलो.

८ मार्च
टूरवाल्यांना पंधरा तारखेपर्यंत पासपोर्ट हवेत. साहेबांना फोन लावला. त्यांची नागपूरला बदली झालीय, आणि मला कळवलंसुद्धा नाही. शेवटी रांगेत उभा राहून अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी फक्त पावती मागितली. माणसाने पायरी सोडू नये.

१६ मार्च
मुदत संपली. माझ्या जागी रशीदा जाणार. तिचा भाऊ दुबईला असतो, म्हणून पासपोर्ट तयारच. सत्यशीला डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, तुम्ही नाही तर मीही नाही जात. मी मोठ्या मनाने म्हटलं, जा. ती बरं म्हणाली. इतक्या लगेच म्हणायला नको होतं. फार लागलं मनाला.

२५ एप्रिल
पहाटे दोघी गेल्या.
दुपारी विश्रांतवाडीच्या चौकीतून हवालदार आले, माझ्या पासपोर्टच्या चौकशीला. कुठे निघालात, म्हणाले. म्हटलं, सध्या कुठेच नाही. मग त्यांनी शेजारच्या इंदुबाईंना बोलावून विचारलं, यांना ओळखता का? चौदा वर्षं शेजारी राहतोय. इंदुबाई म्हणाल्या, ओळखते की, त्या इटलीला गेल्यात ना सत्यशीलाबाई, त्यांचे मिस्टर.
हवालदारांनी तेवढंच लिहून घेतलं आणि मला सही करायला सांगितली.